पहिलं बाळंतपण माहेरीच झालं पाहिजे, असं कुठं लिहिलंय?

सातवी गल्ली :
मला सातवा संपत आलाय. माहेर आजऱ्याच्या पुढं, सासर इथं कोल्हापुरात, राजारामपुरीत. तारीख जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली. पहिलटकरीण म्हणजे माहेरी जाणार, हे दोन्ही घरांनी धरूनच चाललेलं. डोहाळजेवणात ओटी भरता भरताच आईनं मला न्यायचा दिवस सांगून टाकला. मी म्हटलं, मला इथंच थांबायचंय. तेव्हापासून आईचा फोन दोन मिनिटांच्या वर चालत नाही.

माझा रक्तगट निगेटिव्ह, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. बाळाचा पॉझिटिव्ह निघाला तर ७२ तासांच्या आत मला अँटी-डीचं इंजेक्शन घ्यावं लागणार, पुढच्या बाळाला त्रास होऊ नये म्हणून. बीपी वरखाली होतंय. पहिल्यापासून ज्यांना दाखवतेय त्या डॉक्टरीणबाई इथल्या. आणि जुलैअखेरचा आजऱ्याकडचा पाऊस काय असतो हे मी सांगायला नको.

आणखी एक कारण आहे, ते आईला सांगायचं धाडस झालं नाही. नवरा गोकुळ शिरगावला कारखान्यात आहे. माझी रजा २६ आठवड्यांची, त्याला मिळून मिळून चार दिवस. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवस तरी मिळतात, खासगीत कायद्यानं तेवढंही नाही. मी आजऱ्याला गेले तर बाळ त्याला रविवारपुरतंच.

आईचं एकच, "लोक म्हणतील, लेकीचं एक बाळंतपण झेपलं नाही." माझं चुकतंय का?

मिरजकर तिकटी :
चुकतंय. स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. (आम्ही पेठेतल्या बायका अशाच, आलो-गेलो करत बोलतो. बाहेरच्यांनी हसू नये.) माझी दोन बाळंतपणं, पहिलं माहेरी, दुसरं सासरी. सासू देवमाणूस, तिच्याबद्दल एक शब्द वाकडा नाही. पण अकराव्या दिवशी सासऱ्यांचे दोस्त बाळ बघायला आले आणि मी टाके सांभाळत चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेलो. कुणी सांगितलं नव्हतं. आत पडून ऐकवत नव्हतं, म्हणून उठलो. माहेरी आईनं दारातनंच सांगितलं असतं, झोपलीय, परत या. सासरी असं कोण सांगणार? अंगावर पाजताना दीर आला की पदर ओढ, नणंद आली की सरकून बस. माहेरी दार लावून घेतलं की संपलं.

खासबाग :
वहिनी, तुमचं खरं. पण बापाच्या बाजूनं कुणी बोलतच नाही, म्हणून लिहितो. माझी बायको माहेरी गेली, बेळगावकडं. लेक झाली तेव्हा मी सकाळी पोचलो, संध्याकाळी परत. मग बारशाला. मग एकदा मधे. अडीच महिन्यांनी दोघी घरी आल्या तेव्हा लेक माझ्याकडं बघून असं रडायला लागली की शेजारचे विचारायला आले. लंगोट कसा बांधायचा, ढेकर कसा काढायचा, बायकोला सगळं येत होतं आणि मी मदतीला गेलो की, "राहू दे, तुला जमत नाही." जमणार कसं? शिकवणीच्या वेळी मी वर्गाबाहेर.

दुसरं, पैशाचं. दवाखान्याचं बिल सासऱ्यांनी भरलं, सिझर होतं. त्यावर बाळाची चेन, पाळणा, आमच्या घरच्यांचे कपडे. सासऱ्यांनी सोसायटीतनं कर्ज काढलं होतं हे मला दोन वर्षांनी कळलं. तेव्हा मी गप्प बसलो, रीत आहे म्हणून. मूल माझं आणि बिल त्यांचं, ही कसली रीत?

कागलची आक्का :
वय ६८. नातवाला सांगून लिहून घेतेय. रीत कशी आली ते आधी ऐका. आम्ही लग्न होऊन आलो तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या. सासरी अजून पुरतं कोण ओळखीचं नाही, नवऱ्याशी चारचौघांत बोलायचं नाही. पोटात दुखतंय हे सांगायचं कुणाला? म्हणून आईकडं. आणि सव्वा महिना, पुढं तीन महिने नवऱ्यापासनं लांब, त्यात बाईच्या अंगाला विसावा होता. दुसरं पोट लगेच राहात नव्हतं. ते तोंडानं कोण बोलत नव्हतं इतकंच. तुम्ही आता शिकलेल्या, पण म्हणून रीत अडाणी होत नाही.

खर्चाचं मात्र खासबागवाला बोलला ते खरं. माझ्या वडलांनी माझ्या बाळंतपणाला बैल विकला होता.

आणि बाई, पाचवीला पाटा-वरवंटा पुजायचा असतो. तुझ्या फ्लॅटात काय, मिक्सर पुजणार?

सातवी गल्ली :
आक्का, मिक्सरचं वाचून सासूबाई पण हसल्या. पण तुम्ही सांगितलेली कारणं बघा. मी एकोणतीसची आहे, नवऱ्याला मध्यरात्री उठवून सांगू शकते. मग ज्याच्यासाठी रीत होती तेच उरलं नाही, तर नुसती रीत का ओढायची?

मिरजकर तिकटी :
उरलं नाही कसं? विसावा उरलाच की. तू नवऱ्याचंच धरून बसलीयस. बाळंतिणीला आई लागते.

वॉर्डातली ताई :
सरकारी दवाखान्यात नर्स आहे, प्रसूतीकडंच आयुष्य गेलं. माहेर की सासर यात मी पडत नाही. मला दोन्हीकडच्या त्याच त्याच चुका दिसतात.

पहिला पिवळसर घट्ट चीक अजून काही घरांत पिळून टाकतात. ते बाळाचं पहिलं संरक्षण आहे, पहिल्या तासाभरात पाजायचं. मध चाटवायचा नाही, वर्षभर तरी नाहीच. सहा महिने वरचं पाणीसुद्धा नको. शेगडी घेणार असाल तर खिडकी उघडी ठेवून. दारं-खिडक्या लावून कोळसा पेटवला की जो वायू तयार होतो त्याला वास नसतो, आई आणि बाळ झोपेतच गुदमरतात. आणि बाळंतिणीनं सव्वा महिना खाटेवरून हलायचंच नाही, हेही चूक. पायात रक्ताच्या गाठी होतात. थोडं चालायचं.

सातवी गल्ली, तुमच्यासाठी जास्तीचं. कुठंही जा, फाईल हातात ठेवा आणि रक्तगट फाईलच्या वरच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. जन्माच्या वेळी बाळाच्या नाळेतलं रक्त तपासायला पाठवलंय का, हे घरच्या एकानं आठवणीनं विचारायचं. डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढं अंधारी आली किंवा चेहरा सुजला तर तारखेची वाट बघायची नाही. बाळंतपण झाल्यावरसुद्धा काही दिवस हे लक्षात ठेवा, बीपी तेव्हाही चढतं.

कागलची आक्का :
आमची चार पोरं मधावर आणि गुटीवर वाढली. एकाला काय झालं नाही.

वॉर्डातली ताई :
आक्का, वाढली ती दिसतात. पाचवीच्या आधीच गेली ती मोजायला कोण बसलं होतं?

कागलची आक्का :
माझीच एक गेली. मधानं नाही, पण गेली. बरं, मधाचं सोडते. गुटीचं मात्र मी ऐकणार नाही.

उजळाईवाडी :
पावसाचं कुणीच धरून बोललं नाही. २०१९ ला आणि २०२१ ला महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली होता, निपाणीच्या अलीकडं वेदगंगेचं पाणी होतं ते वेगळंच. २०२१ चा पूर जुलैअखेरचाच, म्हणजे तुमची नेमकी तारीख. तुम्ही आजऱ्याला, डॉक्टर कोल्हापुरात आणि मधे पाणी. मग इंजेक्शनचे ७२ तास काय करायचे? दरवर्षी पूर येतो असं नाही, पण बीपीवाल्या बाईनं जुगार खेळू नये. आणि खर्चाची चिंता असेल तर सरकारी दवाखान्यात २०११ पासून बाळंतपण फुकट आहे, सिझर, औषधं, जेवण, ने-आण सगळं धरून. आमची धाकटी सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यातच झाली. गर्दी होती, नाही म्हणत नाही. बायको आणि लेक नीट घरी आल्या.

मिरजकर तिकटी :
हां, हे पाण्याचं पटलं. तेवढ्यापुरतं माझं मागं घेतो. पण आई पाहिजेच. बाळंतपण इथं होऊ दे आणि दहाव्या दिवशी माहेरी जा.

खासबाग :
परत तेच! दहाव्या दिवशी बाप परत रविवारचा. आईनं इकडं यायला काय हरकत आहे?

सातवी गल्ली :
तीच तर मेख आहे. आई येणार नाही. लेकीच्या सासरी जाऊन महिनाभर खायचं, हे तिला मेल्याहून मेल्यासारखं वाटतं. माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली, अजून आमच्याकडं पाण्याच्या पुढं तिनं काही घेतलेलं नाही.

कागलची आक्का :
अगं वेडे, मग हे आधी सांगायचं नाहीस होय! लेकीला मूल होईस्तोवर आईबापानं तिच्या घरी जेवायचं नाही, ही रीत. नातवंडाचं तोंड बघितलं की ती सुटते. माझी आई पहिल्यांदा माझ्या घरी जेवली ती माझा थोरला झाल्यावरच. तुझ्या आईला म्हणावं, रीत पाळायचीय ना? मग पुरी पाळ. आणि सासूला फोन करायला लाव. तू करून उपयोग नाही. विहिणीनं बोलावलं पाहिजे, तेही एकदा नाही, दोनदा.

मिरजकर तिकटी :
आक्का, मानलं तुम्हाला. आयला, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

सातवी गल्ली :
चार दिवसांनी लिहितेय. सासूबाईंनी आक्कांचं ऐकून दोनदा फोन केला. पहिल्यांदा आई म्हणाली, बघू. दुसऱ्यांदा अर्धा तास बोलल्या, आणि त्यात माझं नाव एकदाही आलं नाही, सगळं अळीव आणि डिंकावर चाललेलं. आई तारखेच्या आठ दिवस आधी येतेय. येताना घरचा घनसाळ तांदूळ आणणार, डिंक आणणार, वरवंटा आणणार. पाटा जड म्हणून सासूबाईंनी खालच्या मजल्यावरच्या आजींकडं सांगून ठेवलाय. बिल आम्ही दोघं भरणार, हे नवऱ्यानं स्वतः बाबांना सांगितलं. बाबा काहीच बोलले नाहीत. पटलं की लागलं, कळत नाही. पंधरा दिवसांनी परत जायचं असं आई म्हणतेय.

एक अडचण आहे. आईला बाजच पाहिजे. पलंगावर बाळंतिणीला शेक लागत नाही म्हणते. हल्ली बाज मिळते का कुठं?

मिरजकर तिकटी :
पंधरा दिवस कसले, सव्वा महिना ठेवून घे तिला. बाज आमच्या माळ्यावर पडलीय, दोन्ही पोरं तिच्यावरचीच. नवार सैल झालीय, आवळून घ्यावी लागेल. नवऱ्याला टेम्पो घेऊन पाठव, रविवारी नको, रविवारी आमच्यात मटण असतं, कोण जागं नसतं दुपारी.