अंगणवाडी : मदतनिसांना दिवसाचं नियोजन सांगायचं, की नुसती कामं?

चिंचोके
मी सेविकांची प्रशिक्षणं घेते. मध्यंतरी एका अंगणवाडीत बसले होते. मुलांनी फरशीवर चिंचोके मांडले होते, लहान एकीकडे, मोठे एकीकडे. एक पोरगं फुटका चिंचोका घेऊन "हा कुठं ठेवू?" विचारत होतं, तेवढ्यात मदतनीस केरसुणी घेऊन आल्या आणि सगळं सुपलीत भरलं. खिचडी तयार होती, पंगत बसवायची होती. सेविका पोरांसमोरच कडाडली, "अहो, काय केलंत हे!" बाई गप्प. मी निघेपर्यंत गप्पच.
माझ्या मते चूक सेविकेची. आज काय मांडणार आणि ते कधी आवरायचं, हे मदतनिसांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना दिसला तो पसारा. "पाणी भरा, झाडून घ्या" याला आपण संवाद समजतो.

हिशेबी
ऐकायला छान. २०१८ मध्ये केंद्राने मानधन वाढवलं तेव्हा सेविकेला महिना ४५०० आणि मदतनिसाला २२५०, म्हणजे बरोबर निम्मं. राज्य वर भर घालतं, त्यातही फरक आहेच. मुलांना घरून आणा, शिजवा, वाढा, भांडी घासा आणि आता वर्गही समजून घ्या? गोड बोलून काम वाढवायची ही जुनी पद्धत आहे. आधी पैसे द्या, मग नियोजन सांगा.

चिंचोके
@हिशेबी, मानधनाबद्दल दुमत नाही. पण मी शिकवायला कुठे सांगतेय? "साडेअकरापर्यंत मधली जागा झाडू नका" हे कळल्याने कुणाचं काम वाढतं?

उंबरा
मी सेविका आहे. सांगणं सोपं असतं असं वाटणाऱ्यांनी एक आठवडा येऊन बघावं. आमच्या मदतनीस नात्याने माझ्या चुलत सासूबाई. वयाने मोठ्या, गावात मान त्यांचा. दारात कोणी आलं की डोक्यावर पदर मी घेते. त्यांना "मुलाला पोलिसाची भीती घालू नका" म्हणायचं कसं? म्हटलं तर संध्याकाळी घरी विषय निघतो, "सून आता आम्हाला शिकवायला लागली."
त्यात सकाळ जाते पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर नोंदी भरण्यात. रेंज नाही, आहार घेणाऱ्या बाईचा चेहरा फोन ओळखत नाही, खाली पोरं रडतायत. प्रशिक्षणात 'आकार' अभ्यासक्रम शिकवतात, कोणाशी कसं बोलावं हे कोण शिकवतं? (प्रशिक्षणं घेणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.)

चिंचोके
@उंबरा, हे मान्य, आमच्या तासांत हा विषय येत नाही. पण काही सेविका युक्तीने वागताना बघितल्यात. त्या सांगत नाहीत, विचारतात. "काकू, आज मातीकाम काढू का, तुम्हाला आवरायला त्रास होईल का?" मोठ्या बाईला विचारलं की तिचा मान राहतो, आणि आज मातीकाम आहे हेही कळतं.

हिशेबी
म्हणजे हुकूमच, फक्त साखर लावून.

परसदार
आई निवृत्त होईपर्यंत मदतनीस होती. धागा वाचून आश्चर्य वाटलं, सगळे 'मदतनिसाला काय सांगायचं' यावरच बोलताहेत. मुलं घरून आणायची आई. कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोणाचा बाप रात्री दारू पिऊन आला, कोणाला दोन दिवस जुलाब आहेत, हे तिला वाटेतच कळायचं. वजन घटलेलं पोर रजिस्टरात यायच्या आधी आईच्या कडेवर हलकं लागायचं. तिला वीस वर्षांत सेविकेने विचारलेला प्रश्न एकच : "किती मुलं आली?"
@हिशेबी, पैशाचं खरं आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या प्रकरणात सेविका-मदतनीस दोघींनाही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं, तेव्हा आई जाम खूश होती. पण ती घरी येऊन चिडायची ते पैशावरून नाही. "त्या पोराला ताप होता, मी सांगत होते, त्यांनी हात करून गप्प बसवलं," यावरून.

उंबरा
@परसदार, हे लागलं. पण रोज येणारा फोटोचा तगादा कोण थांबवणार? पर्यवेक्षिका फोनवर विचारतात त्या नोंदी झाल्या का, पोराच्या तापाचं कोण विचारतं?

हिशेबी
तेच म्हणतोय मी. वरून खालपर्यंत सगळे हुकूम सोडतात, आणि नीट बोलायचं कोणी, तर सर्वात कमी मानधनवाल्या दोघींनी!

चिंचोके
म्हणून काय, पर्यवेक्षिका सुधारेपर्यंत चिंचोके सुपलीत जाऊ द्यायचे?