मदत हवी आहे: कलमाच्या मिटणाऱ्या चाकूचं पातं हाताने पुन्हा घडवायचं आहे

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यात आमची छोटी रोपवाटिका आहे. आंब्याचे बाठे रुजत घातले आहेत, तांबडी पालवी दिसली की कोय कलमं (बाठ्यातून आलेल्या कोवळ्या रोपावर दुसऱ्या झाडाची काडी बसवायची) सुरू होतील. त्यामुळे उत्तरं जरा लवकर मिळाली तर बरं.

चाकू काकांचा आहे. साध्या पोलादाचा, लाकडी मुठीचा, मिटणारा. लॉक नाही, मागे नुसती स्प्रिंग. पातं ६८ मिमी लांब, बुडाशी १७ मिमी रुंद. कलमाच्या चाकूला असते तशी याला एकाच बाजूने धार, दुसरी बाजू सपाट. निदान होती. एका ओळखीच्यांनी आंब्याच्या पेट्या उघडायला नेला, टोक मोडलं, आणि मग उपकार म्हणून परस्पर एमरीवर (मोटारीच्या सहाणेवर) धार लावून आणून दिला. आता अवस्था अशी:

टोक साधारण ४ मिमी गेलंय, तिथे तिरका तुकडा उडालाय. टोकाजवळचा भाग निळसर झालाय. सपाट बाजूलाही अर्धा मिलिमीटर रुंदीचा उतार पडलाय, म्हणजे धार आता दोन्हीकडून आहे. आणि पात्याच्या मध्यात धार आत गेलीय. काचेवर उभी टेकवली की मधून उजेड दिसतो. हा खळगा मात्र जुना आहे, काका कायम त्याच जागी त्याच दगडावर घासायचे.

परिणाम कलमावर दिसतो. काडीला चार सेंटिमीटरचा पाचरीचा उतार एका ओढीत यायला हवा, तो येत नाही. चाकू मध्येच लाकडात शिरतो, मग सुटतो. काप डोळ्याला गुळगुळीत वाटतो, पण दोन काप एकमेकांवर ठेवले की मध्ये फट. अशी काडी खुंटात (खालच्या मुळाच्या रोपात) बसवून कितीही घट्ट पट्टी बांधा, आतून सांधा जुळणार कसा?

माझ्याकडे दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड, कानस आणि वॉटर पेपर आहे. मोटार नको आहे. विचारायचं हे की टोक परत आणताना धातू धारेकडून काढायचा की पाठीकडून? आणि सपाट बाजू पुन्हा सपाट करायला पूर्ण पातं घासावं लागेल का?

फोटो चढत नाहीयेत, क्षमस्व.

गावठी खुंट:
नवीन घ्या हो. कोय कलमाला तर आम्ही दाढीचं ब्लेडच वापरतो, अर्धं मोडून. पन्नासेक रोपं झाली की फेकायचं. धारेची कटकटच नाही.

धागाकर्ता:
कोवळ्या रोपाला ब्लेड चालतं, आम्हीही वापरतो. पण काडी जून असली की ब्लेड वाकतं आणि काप वळतो. शिवाय मोठ्या रायवळ झाडावर पाचर कलम (चीर देऊन त्यात पाचरीसारखी काडी बसवायची) करायचं तर ब्लेडचं काम नाही. नवीन चाकू घेईनही, पण हा टाकायचा नाहीये.

टूलरूमवाला:
आधी दोन गोष्टी तपासून सांगा. कानशीच्या कोपऱ्याने पात्याच्या पाठीवर मधोमध हलकेच ओढून बघा, मग तसंच निळ्या भागात. कुठे घसरते, कुठे चावते? आणि चाकू मिटल्यावर मोडकं टोक मुठीच्या कडेपासून किती खाली राहतं?

धागाकर्ता:
मधोमध कानस काचेवरून गेल्यासारखी घसरते. टोकाकडच्या ५ मिमी भागात चावते, बारीक कीस निघतो. मिटल्यावर टोक कडेच्या जेमतेम १ मिमी खाली आहे.

लोहारआळी:
म्हणजे टोकाचं पाणी, पोलादाचा कडकपणा, उतरलंय. गावच्या लोहाराकडे नेऊन परत पाणी देऊन घ्या, कोयत्याला देतात तसं. पाच मिनिटांचं काम.

टूलरूमवाला:
लोहारआळी, कोयत्याला ठीक आहे, त्याचं पातं जाड आणि मूठ काढता येते. इथे पिना ठोकून काढाव्या लागतील, पातं वेगळं करावं लागेल, तापवून विझवताना एका बाजूने धार असलेलं पातळ पातं वाकायची दाट शक्यता. वाकलेलं पातं सपाट करणं हे धागाकर्त्यांच्या आजच्या दुखण्यापेक्षा मोठं दुखणं आहे. नको.

साध्या पोलादावर निळा रंग येतो तो साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास. चाकूचा कडकपणा टिकायला जेवढा ताप चालतो, त्याच्या हा बराच पुढे गेलेला. रंग वॉटर पेपरने निघून जाईल, मऊपणा जाणार नाही. पण बिघाड फक्त टोकाच्या ५ मिलिमीटरमध्ये आहे आणि कलमाची ओढ पात्याच्या मधल्या भागाने होते. टोक फक्त खुंटाला चीर सुरू करायला लागतं. म्हणून माझं मत, मऊ भाग पूर्ण कापून काढू नका, नाहीतर पातं उगाच आखूड होईल. टोक बाकी पात्यापेक्षा लवकर बोथट होईल, तेवढं चालवून घ्या. पुढे धार लावता लावता ते हळूहळू झिजत जाईल.

आता तुमचे प्रश्न. टोक पाठीकडून आणायचं. मिटल्यावर धार मुठीच्या आत जाते आणि पाठ बाहेर राहते. धारेकडून घासून टोक केलंत तर ते पाठीच्या रेषेत वर चढेल, आणि तुमच्याकडे १ मिमीच जागा आहे. खिशात हात घातला की कळेल. पाठीला टोकाकडे हळू उतार द्या, म्हणजे टोक धारेच्या बाजूला खाली येतं. कानस तिथे फारशी चालणार नाही, दगडाची खरबरीत बाजू वापरा, भरपूर पाणी घेऊन. हाताने घासताना पातं तापत नाही, म्हणून तर मोटार नको हा तुमचा निर्णय बरोबर आहे.

सपाट बाजूसाठी पूर्ण पातं घासायचं नाही. हिशेब करा: तो उलटा उतार अर्धा मिमी रुंद आहे. पूर्ण बाजू घासून तो घालवायचा तर ६८ बाय १७ मिलिमीटरच्या पृष्ठावरून एक-दोन दशांश मिलिमीटरचा थर काढावा लागेल, तेही कडक पोलादातून, हाताने. त्याऐवजी चाकू दगडावर उभा धरा, धार खाली, पातं काटकोनात, आणि लांबीच्या दिशेने घासा. हो, असलेली धार मारून टाकायची. अर्धा-पाऊण मिलिमीटर गेलं की उलटा उतार संपतो, आणि त्याच घासण्यात मधला खळगाही निघतो. दोन्ही आजारांवर एकच औषध. काचेवर टेकवून उजेड बघत राहा.

मात्र त्याआधी दगड सपाट आहे का बघा! खळगा आला तो दगडामुळेच, मध्ये खड्डा पडलेला असणार. जाड काचेवर १२० नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून चिकटवा, दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि रेघा जाईपर्यंत दगड त्यावर गोल गोल घासा. चुकूनही जांभ्यावर घासू नका, जांभा सपाट नसतो.

डावखुरा पुणेकर:
माझा प्रश्न जरा बाजूचा. मी गच्चीवर गुलाबाचे डोळे भरतो (एका झाडाचा डोळा दुसऱ्याच्या सालीत बसवतो), डावखुरा आहे. बाजारात मिळणारा कलमाचा चाकू माझ्या हातात सतत लाकडात घुसतो. तो धारेच्या एकाच बाजूच्या उतारामुळे का?

टूलरूमवाला:
हो. सपाट बाजू काडीच्या अंगाला राहायला हवी, तीच पात्याला सरळ चालवते. उजव्या हाताचा चाकू तुम्ही डाव्यात धरलात की उतार काडीकडे येतो. डाव्या हाताचे चाकू वेगळे मिळतात, घासून बाजू बदलायच्या फंदात पडू नका.

धागाकर्ता:
खूप आभार. दगडात खरंच खड्डा निघाला, तो सपाट करण्यातच संध्याकाळ गेली. खळगा आणि उलटा उतार दोन्ही गेले. धारेच्या जागी आता एक चकचकीत सपाट रेघ आहे. टोकही पाठीकडून आणलं. पण मिटल्यावर ते मुठीच्या कडेशी अगदी समान पातळीत आलंय, खाली जात नाही. आणि धारेचा उतार किती अंशांचा ठेवू?

टूलरूमवाला:
टोक वर येणारच, धार मागे सरकली ना. पण धार मागे सरकल्यामुळे आत जागाही झाली. पात्याच्या बुडाशी, जिथे धार संपते त्याच्या मागे, मिटल्यावर स्प्रिंगवर टेकणारा एक उंचवटा असतो. तो दगडाच्या कोपऱ्याने अगदी थोडा उतरवा. एकदम नाही. दर वेळी मार्करने धार काळी करा, चाकू मिटा, उघडा आणि बघा शाई कुठे पुसली का. पुसली म्हणजे धार स्प्रिंगला लागतेय, तिथेच थांबा. जास्त गेलं तर दर मिटण्याला धार बोथट होईल आणि घासलेला उंचवटा परत भरून येत नाही.

कोनासाठी अंशमापक नको. जुना उतार रुंद असेल तर तोच दगडावर पूर्ण टेकवा. अंदाज हवा तर तुमच्या १७ मिमी रुंदीला पाठ दगडापासून साडेचार मिमी उचलली की १५ अंश, सहाच्या जरा खाली राहिली की २०. नुसत्या कोवळ्या काड्यांना १५ छान. जून लाकूड कापणार असाल तर २०.

उतारावर मार्कर फिरवा आणि घासा. शाई फक्त वरून जातेय म्हणजे पाठ फार खाली, फक्त धारेवरून जातेय म्हणजे फार वर. ती चकचकीत रेघ बारीक होत होत नाहीशी होईपर्यंत खरबरीत बाजू सोडू नका. बहुतेक लोक इथेच घाई करतात आणि मग बारीक दगडाला दोष देतात. रेघ गेली की सपाट बाजूने बोट धारेच्या बाहेरच्या दिशेने फिरवा, दुमडलेली खरखरीत कड लागेल. आम्ही तिला बर म्हणतो. बुडापासून टोकापर्यंत अखंड बर लागली की मगच बारीक बाजू, नंतर काचेवर ६०० आणि १००० चा वॉटर पेपर. पेपरवर चाकू फक्त मागे ओढा, पुढे ढकललात तर पेपर कापेल.

बर काढताना सपाट बाजू पूर्ण टेकवूनच एक-दोन हलके हात. पाठ केसभरही उचलू नका, नाहीतर परत तोच उलटा उतार. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर दोन्ही बाजू ओढा.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं: लॉक नाही, तेव्हा घासताना मुठीवर जोर देऊ नका, बोटं पात्यावर ठेवून दाबा. मुठीच्या खाचेत लाकडाची पाचर घालून पातं उघडं अडकवून ठेवलंत तर उत्तम. सांध्यावर चिकटपट्टी गुंडाळा, दगडाची रेव आत गेली की सांधा खातो.

गावठी खुंट:
एवढं वाचून मीही माळ्यावरचा चाकू काढला. सांधा गच्च धरलाय, खोबरेल सोडू का?

टूलरूमवाला:
खोबरेल कालांतराने चिकट होतं. शिलाई मशीनचं तेल सोडा, उघडझाप करा, काळं निघेल ते पुसा, परत सोडा.

धागाकर्ता:
झालं! टोक आता कडेच्या अर्धा मिमी खाली आहे, शाई पुसत नाही. उतार २० च्या आसपास ठेवला. आज छाटलेल्या जून काड्यांवर हात चालवून बघितला. एका ओढीत उतार येतो, आणि दोन काप जोडून उजेडात धरले तर मधली फट गेलीय, फक्त टोकाकडच्या बाजूला किंचित आहे. ते बहुधा माझ्या मनगटाचं असावं, सरावाने जाईल. टोकाने चीर घेताना मऊपणा जाणवत नाही अजून.

एकच राहिलं. चीक लागून पातं काळं पडतंय, आणि रोपागणिक आम्ही पातं स्पिरिटने पुसतो. या पोलादाला ते चालेल ना?

टूलरूमवाला:
स्पिरिट चालेल, ब्लीचच्या पाण्यात मात्र बुडवू नका, गंज धरेल. काळपटपणाने काही बिघडत नाही, तो घासून काढायची गरज नाही. लाल ठिपका दिसला तर तेवढा १००० च्या पेपरने काढा. पावसाळ्यात रात्री पातं कोरडं करून तेलाचं बोट फिरवून ठेवा, आणि सकाळी पहिल्या काडीआधी ते तेल स्पिरिटने पुसा. कापावर तेल नको.