एसवायच्या प्रॅक्टिकलला एस्केप रूम लावावी का? मी लावली, आता भांडा

ब्युरेटवाली बाई: मी केमिस्ट्री शिकवते, तासिका तत्त्वावर. आमच्याकडे प्रॅक्टिकल म्हणजे काय, तर गेल्या वर्षीच्या जर्नलमधलं रीडिंग उतरवायचं, सही घ्यायची आणि कँटीन गाठायचं. म्हणून यंदा एका बॅचला, २० पोरं, चार-चार जणांचे पाच गट, एस्केप रूम लावली, म्हणजे कोडी सोडवत ठरलेल्या वेळेत कुलपं उघडायचा खेळ. दार बीर काही बंद केलं नाही हां, नुसत्या पेट्या, चार आकडी कुलपं आणि ५० मिनिटं. त्यातलं एकच कोडं सांगते. पुडीत अनोळखी क्षार, फ्लेम टेस्ट करा (ज्योतीत धरून रंग बघा), जे सापडेल त्याचा अणुक्रमांक कुलपाला लावा. ज्योत पिवळीधमक, म्हणजे सोडियम, ११. आता उरलेले दोन आकडे आणायचे कुठून? मी त्यात पोटॅशियमही मिसळलं होतं, पण सोडियमच्या पिवळ्यापुढे त्याचा जांभळा दिसतच नाही, निळ्या कोबाल्ट काचेतून बघावं लागतं. ही काच प्रत्येकाच्या जर्नलमध्ये लिहिलेली आहे, डोळ्याला एकानेही लावलेली नव्हती! शेवटी एका पोरीने कपाट धुंडाळून काढली आणि जी किंचाळली... ११ आणि १९, पेटी उघडली. मला तर वर्षाचा पगार मिळाल्यासारखं झालं (खरा पगार अजून यायचाय).

रिटायर्ड मास्तर: बाई, हौस कळली. पण २००७ साली क्योटोत करमणूक म्हणून निघालेला हा खेळ, तो बर्नर पेटलेल्या लॅबमध्ये आणि वर घड्याळाची घाई, एखाद्याचा हात भाजला की प्राचार्य कुणाला बोलावतील? तेही सोडा. कुलपाला उत्तर एकच लागतं. टायट्रेशनला, म्हणजे ब्युरेटमधून द्रावण थेंबथेंब सोडून किती लागलं ते मोजताना, कुणाचं ९.८ मिली येईल, कुणाचं ९.९, आणि हा फरक का पडला हे सांगता येणं हाच तर धडा आहे. तुमचं पोरगं काय करणार, चाकं फिरवत बसणार उघडेपर्यंत. जर्नलची चोरी गेली, आकडे पाडायची आली.

ब्युरेटवाली बाई: सर, टायट्रेशनला कुलूप लावलंच नव्हतं, तेवढी अक्कल आहे. तीन रीडिंग घेऊन माझ्याकडे यायचं, ०.१ मिलीच्या आत जुळली तरच पुढची चिठ्ठी. प्रत्येक गटाला नॉर्मॅलिटी (द्रावणाची तीव्रता) वेगळी, त्यामुळे शेजारच्याचं बघून काही उपयोग नाही. आणि भाजायचं म्हणाल तर ते एरवीच्या प्रॅक्टिकललाही भाजतात, गप्पा मारताना.

टीवाय सुटलो एकदाचा: आमच्याकडे पण झाली होती अशी रूम. मजा आली खोटं नाही बोलणार, पण आमच्या गटात एकाच हुशार पोराने सगळं उरकलं आणि मी वेळ बघायच्या कामावर. नंतर व्हायवाला तेच विचारलं तर माझी पाटी कोरी. संपल्यावर अर्धा तास बसवून कुठे अडलात, का अडलात एवढं जरी विचारलं असतं ना तरी डोक्यात राहिलं असतं, पण पेटी उघडली टाळ्या झाल्या आणि घरी.

रिटायर्ड मास्तर: बघा. मी वेगळं काय म्हणत होतो?

ब्युरेटवाली बाई: नाही सर, तो म्हणतोय खेळानंतर बसवा, तुम्ही म्हणताय खेळूच नका. यात फरक आहे. पण हे माझंही चुकलं, मान्य. पुढच्या वेळी ३५ मिनिटं खेळ आणि उरलेला वेळ बोलणं, गटही तिघांचेच.

लॅबमधला दादा: कुणी मला विचारलं का? पाच गटांना पाच वेगळी द्रावणं मी करायची, लेबलं मी लावायची, वर पहिल्या बॅचने कँटीनमध्ये कोड फोडला की पुड्या परत मीच बांधायच्या. मी बाईंच्या लॅबमध्ये असतो ना तर मला संध्याकाळी सहापर्यंत थांबावं लागलं असतं.

रिटायर्ड मास्तर: हे मात्र खरं. काचेचं कोडं चांगलं होतं हो बाई, ते नाकारत नाही. पण त्याला पेटी कशाला? साध्या प्रॅक्टिकललाच मिश्र पुडी द्या.

ब्युरेटवाली बाई: दिली होती सर, गेल्या वर्षी. विसाच्या वीस जणांनी "सोडियम" लिहून सही मागितली.

लॅबमधला दादा: तिघांचे गट केलेत तर काचा सात लागतील. आमच्या कपाटात दोन आहेत, त्यातली एक तडकलेली. तुमच्याकडे किती ते आधी मोजा.