चुरस असली की कारभार आपोआप सुधारतो का?

कोथरूडकर: आमचे सीए काका म्हणतात, धंद्यात चुरस असली की बाजारच कंपनीला सरळ ठेवतो. मग सत्यम या आयटी कंपनीच्या घोटाळ्याचं काय?

जुना_भागधारक: काकांना डिसेंबर २००८ आठवून द्या. समोर इन्फोसिस, टीसीएस, विप्रो. चुरस कमी होती का? तरी सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांच्याच कुटुंबाच्या मेटास या बांधकाम कंपन्या घ्यायला सत्यमच्या संचालक मंडळाने मान डोलावली! स्वतंत्र संचालक होते की, दिग्गज नावांचे. ७ जानेवारीला हिशेब फुगवल्याचं राजूंचं कबुलीपत्र आलं, शेअर एका दिवसात १७९ रुपयांवरून ४० च्या आसपास.

सांगलीकर: चुरशीपायीच नफा फुगवला असेल ना?

जुना_भागधारक: मलाही तसंच वाटतं. पत्राप्रमाणे २४ टक्के दाखवलेलं मार्जिन, म्हणजे उत्पन्नातला नफ्याचा वाटा, प्रत्यक्षात ३ टक्के निघालं. पुढे सरकारने मंडळच बदललं, एप्रिलमध्ये टेक महिंद्राने ५८ रुपये भावाने हिस्सा घेतला.