रोजच्या जगण्यातून उगवणारी गूढकथा आणि कविता : सल्ला हवा (पार्श्वभूमी सांगलीचा पूर)

गावभाग_सांगली
नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी तीनेक हजार शब्दांची गूढकथा लिहायला घेतली आहे. जागा सांगलीचा गावभाग, काळ पूर ओसरल्यानंतरचा आठवडा. दोन जावा घरातला गाळ काढतायत आणि भिंतीवरची पाण्याची रेघ रोज थोडी वर सरकतेय. भूत, करणी, मांत्रिक यातलं काही नको. मसुदा वाचून सगळे ‘वातावरणनिर्मिती छान’ म्हणतात, भीती वाटली असं कुणीच म्हणत नाही. विचित्र गोष्ट कुठे आणावी? शेवटी उलगडा करावा का? आणि याच विषयावर कविता करायची तर कुठला छंद झेपेल?

हरिपूरकर
ताई, कल्पना पक्की आहे, मोजमाप कच्चं असणार. रेघ पहिल्या दिवशी नेमकी कुठे होती हे वाचकाच्या डोळ्यासमोर नसेल, तर ती वर गेल्याचं त्याला काहीच वाटणार नाही. पहिल्याच पानावर तीन खुणा रोवा : देवळीचा तळ, स्विचबोर्डची खालची कड, कॅलेंडरचा खिळा. रेघ देवळीच्या दोन बोटं खाली. त्यानंतर ‘रेघ वर सरकली’ हे वाक्य कथेत एकदाही येऊ देऊ नका. धाकटी जाऊ देवळी पुसायला जाते, तळ ओला लागतो, ती फडकं पिळून पुढच्या कामाला लागते. एवढंच लिहा.

दुसरं म्हणजे, जुन्या पांढऱ्या मातीच्या किंवा विटांच्या भिंतीत ओल खरोखरच वर चढते. भिंतीतल्या बारीक छिद्रांतून पाणी वर ओढलं जातं, सुकताना क्षार मागे राहतात आणि लोणा धरतो. त्यामुळे पहिले तीन-चार दिवस तुमच्या कथेत विचित्र असं काहीच घडत नाही, आणि हे तुमच्या फायद्याचं आहे. पात्रांना हे कारण माहीत असू द्या. गवंडी येऊन ‘लोणा हाय, दोन म्हयनं गिलावा करू नका’ असं सांगून जाऊ दे. मग ज्या वस्तूत ओल चढूच शकत नाही, तिच्यावर रेघ आणा. पूर ओसरल्यावर विकत आणून टांगलेलं नवं कॅलेंडर घ्या. भिंतीवरची रेघ डावीकडून येते, कॅलेंडरच्या कागदावरून सरळ जाते, उजवीकडे भिंतीवर पुढे चालू राहते. आधीचं कारण पटलेलं असल्यामुळेच वाचक इथे हादरतो. वाकवायची ती ही एकच गोष्ट. सोबत कुत्र्याचं रडणं, विझणारा दिवा असलं काही घेतलंत की कथा चारचौघींसारखी होईल.

आकड्यांची काळजी घ्या. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. 2005 साली पाणी 53 फुटांवर गेलं, 2019 ला 57 च्या वर. सांगलीचा वाचक हे आकडे पाठ म्हणून दाखवेल. तुम्ही 46 फूट लिहिलंत आणि पात्रं निवांत चहा घेत बसली, तर त्याचा विश्वास तिथेच उडतो आणि पुढची रेघ त्याला तुमची दुसरी चूक वाटते. ऋतूंचंही तसंच. जुलैत उसाची ट्रॉली रस्त्यावर दिसली तर ती लेखकाची चूक ठरते, कारण गाळप हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. हां, ती ट्रॉली हीच तुमची विचित्र गोष्ट असेल, तर ती बघून कुणीतरी दचकायला हवं.

रात्रीची_लाईट
हरिपूरकरांशी सहमत, फक्त वेळेचं थोडं वेगळं म्हणणं आहे. तीन हजार शब्दांत कॅलेंडर हजाराव्या शब्दापर्यंत यायला हवं, उशीर नको. धक्का शेवटी ठेवला की आधीचा सगळा मजकूर नुसती तयारी होऊन बसतो. विचित्र गोष्ट लवकर घडू द्या आणि उरलेले दोन हजार शब्द माणसं तिच्यासोबत कशी राहतात यावर खर्च करा. खरी अस्वस्थता तिथून येते.

आपल्याकडची माणसं ‘मला भीती वाटतेय’ असं म्हणत नाहीत, ती काम काढतात. रात्रपाळीच्या लाईटवर दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, शेतात गेलेल्या माणसाचं उदाहरण घ्या. स्टार्टरला ऑटो लावलेला असतो, लाईट आली की मोटर आपोआप सुरू होते. त्यात गूढ काही नाही. आता लाईट गेलेली असताना पाटाला पाणी आलं, तर तो ओरडत पळत सुटणार नाही. आधी शेजाऱ्याने इंजिन लावलंय का ते बघेल, मग वरच्या वावरात कुणी दार मोडलंय का ते बघेल, आणि दोन्ही नसेल तर वाफा भरून घेईल, कारण पाणी फुकट घालवायचं नसतं. तो वाफा भरून घेतो हाच कथेतला सगळ्यात भयंकर क्षण. तुमच्या जावांनाही असंच काहीतरी करू द्या. थोरली सामान एक फळी वर सरकवते, न बोलता. दुसऱ्या दिवशी आणखी एक फळी.

मसुद्यातून ‘जणू’, ‘अचानक’, ‘कुणीतरी’, ‘अनामिक’, ‘भयाण’ हे शब्द शोधून काढून टाका. ‘जणू’ सगळ्यात घातक आहे, तो वाचकाला पळवाट देतो : हे खरं नाही, नुसती उपमा आहे.

साडेतीन_चरण
कवितेसाठी मोठा अभंग घ्या. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. कान या चालीत लहानपणापासून मुरलेला असतो, म्हणून वाचक बेसावध राहतो. पहिले तीन चरण घरकामाचे ठेवा, चौथा आखूड चरण मोकळा असतो, विचित्र गोष्ट त्यातच टाका :

पूर ओसरला
भिंत सारवली
ओल उरलेली
वर चढे

सहा ते आठ कडवी पुरेत, पण प्रत्येक कडव्याला धक्का देऊ नका. तिसऱ्या आणि सहाव्याला द्या, बाकीच्यांचे शेवट साधेच राहू देत, नाहीतर वाचक चौथ्या चरणाची वाट बघायला शिकतो. नेहमीची चूक म्हणजे यमकासाठी आणलेले जड शब्द. ‘सावली’शी जुळतंय म्हणून ‘माउली’ आली की कविता भक्तिगीताकडे वळते. गद्याचा कंटाळा आला असेल तर जात्यावरच्या ओव्यांचा संवादही करून बघा : एक बाई विचारते, दुसरी उत्तर देते, आणि तिसऱ्या उत्तरापासून दुसरी बाई घरात नाही हे कळत जातं.

गावभाग_सांगली
खूप आभार. कॅलेंडर घेतेच. पण उलगड्याचं अजून अडलंय. आत्ताच्या मसुद्यात शेवटी कळतं की याच घरात जुन्या पुरात सासूबाई गेल्या होत्या.

हरिपूरकर
ते काढा. मेलेली सासू आली की रेघेचं ओझं तिच्यावर जातं, वाचक सुटकेचा श्वास घेतो आणि पान उलटतो.

त्यापेक्षा पंचनामा आणा. तलाठी येतात, ‘आम्ही खाली सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की’ असा मजकूर सुरू होतो, नुकसानीची यादी होते : ज्वारी दोन पोती, गाद्या चार, मिक्सर एक. ही भाषा कोरडी आहे, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो. पाण्याच्या उंचीच्या रकान्यात तलाठी टेपने मोजून आज दिसतो तो आकडा लिहितात. शेजारच्या सगळ्या घरांपेक्षा तो तीन फुटांनी जास्त. थोरली जाऊ हरकत घेत नाही, सही करते. यादीत दहाच्या पुढे वस्तू नकोत, वाचक चाळायला लागतो.

रात्रीची_लाईट
पंचनाम्यात एक व्यावहारिक बाबही आहे : आकडा जास्त म्हणजे अनुदानाचा मोह. थोरली गप्प का बसली याला दोन कारणं मिळतात आणि दोन्ही खरी वाटतात. तिच्या तोंडी खुलासा मात्र घालू नका. संवाद बोलीत ठेवा, निवेदन प्रमाण मराठीत, आणि बोली लिहिताना प्रत्येक शब्द मोडू नका. ‘नव्हं’, ‘आलतं’, ‘काय गं’ एवढ्यावर माणूस उभा राहतो.

गावभाग_सांगली
सासूबाई काढल्या. पंचनाम्याचा भाग साधारण तीनशे शब्दांत बसवते आणि रविवारी इथेच टाकते. तलाठ्यांची वाक्यं कुणी तपासून द्याल का?

हरिपूरकर
टाका, बघतो. मोजमाप फूट-इंचात ठेवा, सेंटिमीटर नको.