लेकीने काटे काढून अख्खा बांगडा खाल्ला, हे सांगू कुणाला?

कुडाळची_माहेरवाशीण

रविवारी दुपारी आमच्याकडे एक पराक्रम झाला. त्याची किंमत कळेल असं आसपास कुणी नाही, म्हणून इथे लिहितेय. लेकीने तळलेला अख्खा बांगडा स्वतःच्या हाताने काटे काढून खाल्ला. वय वर्षं साडेचार. माझं बोटसुद्धा तिच्या ताटाला लागलेलं नाही.

यात काय मोठं असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी जरा सविस्तर. आधी तिने वरचं रव्याचं कुरकुरीत साल खाऊन टाकलं (ते कुणीही खाईल). मग पाठीच्या बाजूने अंगठा आत घालून वरची बाजू सुटी केली. ती संपल्यावर शेपटी धरून मधला काटा डोक्यापर्यंत उचलला, सबंध, न मोडता, आणि माझ्यासमोर धरून विचारलं, "आई, हा कंगवा कुणाचा?" पोटाकडचे बारीक काटे राहिले होते, तिथे माझाच जीव टांगणीला. पण बाईसाहेब शांत. घास तोंडात घेतला की बोलणं बंद, जीभ फिरवायची, काटा लागला की दोन बोटांनी ओठांतून काढून ताटाच्या कडेला.

हे सगळं तिला माझ्या आईने मे महिन्याच्या सुट्टीत शिकवलं. आईचं सांगणं एवढंच, "काटो आदी जिभेक गावता, मगे बोटांक." जेवताना बडबड केलीस तर बांगडा मांजराला, हा दुसरा नियम. त्याच्या आधीची तयारी माझी. पहिल्यांदा मऊ भातात कुस्करलेलं पापलेट, मग सुरमईची तुकडी, मग मुडदुशी.

नवरा लातूरचा, घरात अंडंही न येणाऱ्यातला. त्याने टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या, पण कशासाठी असं विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आईला फोन केला. तिने आधी विचारलं, "बांगडो केवडो होतो?" मग, "पोटाकडलो काटो कोणी काढल्यान?" तिनेच काढला म्हटल्यावर, "आता तिका पेडवे दी." झालं कौतुक.

आणि सोसायटीतल्या आयांचा ग्रुप. तिथे कुणाची मुलगी शंभरपर्यंत आकडे म्हणते, कुणाचा मुलगा अबॅकसला जातो, रोज व्हिडिओ येतात, मीही बदाम टाकते. मी हे लिहिलं तर एक अंगठा, एक "अय्या, काटे? भीती नाही वाटत?" आणि एक "बोनलेस मिळतो की आता."

खरं सांगू का, ती चालायला लागली तेव्हा आनंद झालाच, पण चालणार तर ती होतीच. बांगड्याचं तसं नाही. पुण्यात, लातूरच्या बापाच्या घरात वाढून ती हे कधीच शिकली नसती तरी कुणाचं काही अडलं नसतं. शिवाय हे डॉक्टरांच्या कुठल्या तक्त्यात नाही, त्यामुळे "आमची तर तीन वर्षांची असतानाच" असं म्हणायची कुणाची टाप नाही.

तर आता प्रश्न. तुमच्याकडे मुलं कितव्या वर्षी स्वतः काटे काढू लागली? पुढचा मासा कोणता देऊ? आणि मासे न खाणाऱ्यांनी रुसू नये, तुमच्या पोरांनी तक्त्याबाहेरचं काय केलं की तुमची कॉलर ताठ झाली, तेही लिहा.

पेडण्याचो_पात्रांव

ताई, लेकीचं अभिनंदन. बाकी आमची तर तीन वर्षांची असतानाच... (राहवलं नाही.)

आता कामाचं. तारले एवढ्यात नकोत. चवीला तोड नाही, पण बारीक काटे सगळीकडे. बांगड्याचे काटे जागच्या जागी असतात, एकदा जागा कळली की झालं. मांदेली कडक तळली तर काट्यासकट जाते, त्यात शिकण्यासारखं काही नाही. तुमच्या आईंनी सांगितलं तेच बरोबर, पेडवे. तिखलं (माशाचं तिखट कालवण) करा, तिरफळं घालून. शिजलेला पेडवा दोन बोटांत हलका दाबायचा आणि शेपटीकडून मधला काटा ओढायचा, मांस आपोआप सुटतं. ३१ जुलैला मासेमारीची बंदी उठली, नारळी पौर्णिमाही झाली, बाजार भरलेला आहे, हीच वेळ.

करली दहावीनंतर. आणि भिंग मासा मी स्वतः अजून बायकोकडून साफ करून घेतो.

कान_नाक_घसा

पेशाने डॉक्टर, म्हणून थोडा रसभंग. मुलीचं कौतुक आहेच, आजीचा न बोलता जेवण्याचा नियम तर मी ओपीडीच्या भिंतीवर लावीन. पण काटा अडकलाच तर भाताचा गोळा, केळं, पाव असलं काही गिळायला लावू नका. काटा बहुतेक वेळा टॉन्सिलपाशी किंवा जिभेच्या मुळाशी टोचलेला असतो, तोंड उघडून उजेड टाकला की दिसतो आणि चिमट्याने निघतो. गोळ्याने तो आणखी खोल रुततो किंवा खाली सरकतो, मग काम वाढतं. बोट घालून उकरायचंही नाही. थुंकी गिळता येत नसेल, लाळ गळत असेल, श्वासाला त्रास होत असेल तर तडक रुग्णालय गाठा.

आणि काट्याला घाबरणाऱ्या त्या ग्रुपला एक सांगा. लहान मुलांच्या श्वासनलिकेतून आम्ही जे काढतो त्यात शेंगदाण्याचा नंबर फार वरचा. चार वर्षांच्या आत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं द्यायची नसतात. ते घरोघरी बिनधास्त देतात.

कुडाळची_माहेरवाशीण

पात्रांव, तुम्ही ते वाक्य लिहिणार हे लिहितानाच माहीत होतं.

डॉक्टर, भाताचा गोळा आमच्याकडे पिढीजात. आईला तुमचं वाचून दाखवलं. म्हणाली, "डॉक्टर खयचो?"

कान_नाक_घसा

देवगड.

कुडाळची_माहेरवाशीण

मग ऐकेल.

बार्शीकरीण

आम्ही माळकरी, मासे नाहीत. पण तुम्ही काय म्हणताय ते शब्दन् शब्द कळलं, कारण आमच्याकडे सीताफळ आहे.

धाकटा गेल्या वर्षीपर्यंत प्रत्येक बी तोंडातून काढून माझ्या तळहातावर ठेवायचा. एक सीताफळ संपेपर्यंत माझा हात चिकट आणि स्वयंपाक खोळंबलेला. या हंगामात पठ्ठ्या ओट्यावर बसला, वाटी जवळ ओढली, गर तोंडात घेतला, गाल फुगवला, आणि मग वाटीत टण, टण, टण. स्टीलच्या वाटीत बी पडल्याचा तो आवाज! सासूबाई देवघरातून उठून बघायला आल्या. थोरल्याला हे सहाव्या वर्षी जमलं होतं, हा चार पूर्ण.

बी गिळली तर सहसा तशीच बाहेर पडते, पण चावू देऊ नका. आमच्याकडे पूर्वी वाळलेल्या बियांची पूड करून उवांसाठी डोक्याला लावायच्या, ती डोळ्यात गेली की डोळे लाल आणि भयंकर आग. आता मी कुणाला लावू देत नाही. त्यामुळे बी थुंकणं हे आमच्या पोरांना नुसतं हौसेनं शिकवत नाही.

अंगणवाडीतली_ताई

मी सेविका आहे. तक्त्याचा विषय निघाला म्हणून लिहिते. माता बाल संरक्षण कार्डावर चित्रं असतात, मान धरली, पालथं पडलं, बसलं, उभं राहिलं. आया ते बघतात आणि शेजारणीच्या बाळाशी ताडून बघतात. रोज एक तरी विचारते, ताई, हिचं अजून चालत नाही. त्यांना मी आकडे सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये पाच देशांतल्या मुलांवरचा अभ्यास छापला, त्यात आपलीही मुलं होती, दिल्लीची. आधाराशिवाय चालण्याचा काळ निघाला ८.२ ते १७.६ महिने. किती मोठा पल्ला आहे बघा. आणि शंभरातली चारेक मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, बाकी सगळं त्यांचं वेळेत झालं. पण दीड वर्ष उलटून पोर पाऊल टाकत नसेल तर "आमच्या घराण्यात उशिराच चालतात" म्हणत थांबू नका, दाखवा. गावात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम तपासायला येते, पैसे लागत नाहीत.

कौतुकाचं म्हणाल तर माझ्या मुलीने कालपासून चपला उजव्या पायाची उजवीत, डाव्याची डावीत घातल्या. बाहेर पडताना मीच चारदा खाली बघितलं.

निळं_झाकण

माझ्या मुलाला डाऊन सिंड्रोम आहे. चालला अडीच वर्षांचा असताना. वरच्या ताई सांगतात तसं आम्हालाही अंगणवाडीतूनच जिल्ह्याच्या केंद्रात पाठवलं आणि तिथली फिजिओथेरपी कामाला आली.

गेल्या महिन्यात त्याने पाण्याच्या बाटलीचं झाकण स्वतः फिरवून लावलं. वाकडं बसलं, काढलं, परत लावलं. मी बाटली उलटी करून बघितली, एक थेंब नाही. ती बाटली मी दिवसभर ऑफिसात घेऊन हिंडले.

बांगड्याची गोष्ट मी दोनदा वाचली, फार आवडली. फक्त एक सांगते, सगळ्यांनाच. घरच्या ग्रुपवर असलं काही टाकताना वय टाकू नका. काय केलं ते लिहा, कसं केलं ते लिहा. वय लिहिलं की आमच्यासारखे लोक मनात वजाबाकी करतात आणि मग बदाम टाकायला बोट उचलत नाही. वय नसलं की मीही टाळ्या वाजवते, खोटं नाही सांगत.

पेडण्याचो_पात्रांव

ताई, माझं ते तीन वर्षांचं वाक्य गंमत होती, पण तुमचं पटलं. झाकण वाकडं बसल्यावर त्याने काढून परत लावलं, हे मला जास्त आवडलं. आमच्या घरातली मोठी माणसं वाकडं बसलेलं तसंच ठेवतात.

ताकभात_म्युनिक

इथल्या पाळणाघरात मासा म्हणजे फिशस्टेबशेन, पावाचा चुरा लावलेल्या आयताकृती कांड्या. लेकीच्या मैत्रिणीला मी सांगितलं की माशाला काटे असतात, ती आईकडे बघून हसली, काकू काहीतरीच सांगते म्हणून.

आमचा अभिमान ताकभात. काटाचमचा सगळं येतं तिला, पण हाताने जेवायला बसली की ओघळ कोपरापर्यंत. आजी भारतातून आली होती, तिने पहिल्यांदा घट्ट वरणभात दिला, मग आमटीभात, मग ताकभात, दर आठवड्याला थोडा पातळ. परवा ताकभात बोटांच्या पेरांपलीकडे गेला नाही आणि ताट शेवटी करंगळीशेजारच्या बोटाने निपटून घेतलं. हे निपटणं कुणी शिकवलं नव्हतं, आजीचं बघून उचललं. आता ती पाळणाघरात बाकीच्यांना हाताने जेवायला शिकवते, बाईंचा निरोप आलाय, अगदी गोड शब्दांत.

(वय लिहिलं नाही, निळं झाकण ताई.)

कुडाळची_माहेरवाशीण

एवढं काही येईल असं वाटलं नव्हतं. निळं झाकण ताई, वर साडेचार लिहिलंय ते आता बदलता येत नाही, पण सोसायटीच्या ग्रुपवर यापुढे वय नाही. आणि बाटली घेऊन ऑफिसात हिंडलात ना, मी बांगड्याच्या काट्याचा फोटो तीन जणींना दाखवला, त्यातल्या दोघी शाकाहारी.

सीताफळाचं लातूरकराला वाचून दाखवलं. एकदम ताठ बसला. म्हणतो, हे मी शिकवणार तिला, यात तुम्हा कोकण्यांना काय कळतंय. बाजारातून आणलीत लगेच, अजून डोळेही उघडलेले नाहीत त्यांचे, सगळी तांदळाच्या डब्यात घातली आहेत आणि सकाळ-संध्याकाळ दाबून बघणं चालू आहे.

शनिवारी गणेश पेठेत जाऊन पेडवे बघते. पात्रांव, तिरफळं पुण्यात कुठे मिळतील? आईने दिलेली संपली.

पेडण्याचो_पात्रांव

कोकणातला माल ठेवणाऱ्या दुकानात विचारा, सुकी मिळतात. आतली काळी बी काढून टाका, नुसती साल घ्या, जराशी ठेचून तिखल्यात. आणि वाढताना शोधून बाजूला काढा. मुलीच्या घासात आलं तर जीभ बधिर होईल आणि पुढचे सहा महिने ती तिखल्याला हात लावणार नाही, आमच्याकडे झालंय.