समुद्राला मिळणारे नदीचे पाणी खरोखर वाया जाते का?

प्रश्न (रावपुरा, बडोदे):
सरदार सरोवराचे दरवाजे उघडले की आमच्या बडोद्यात 'एवढे पाणी समुद्रात वाया गेले' हे वाक्य हमखास कानावर येते. मात्र भरूचकडून मासळी आणणारे विक्रेते सांगतात की नर्मदेला पूर आला तरच पाला मासा, म्हणजे हिलसा, खाडीतून वर चढतो. मग या पाण्याचा समुद्रातील जीवांशी संबंध नेमका काय? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १:
'वाया जाते' हे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. नदी पाण्याबरोबर नायट्रेट, फॉस्फेट आणि खडकांची झीज होऊन विरघळलेले सिलिकेटही समुद्रात नेते. सिलिकेटाशिवाय डायटम या सूक्ष्म शैवालांना आपले कवच घडवता येत नाही आणि किनाऱ्याजवळच्या कितीतरी माशांचे पोषण शेवटी या डायटमांवरच अवलंबून असते. नाईल नदीवरील आस्वानच्या मोठ्या धरणात १९६४ पासून पाणी अडू लागले, पुराबरोबर येणारी पोषकद्रव्ये मागेच राहिली आणि काही वर्षांतच इजिप्तच्या किनाऱ्यावरील सार्डिनची मासेमारी कोसळली.

उत्तर २:
मुद्दा रास्त आहे, पण खंभातच्या आखातात तो जसाच्या तसा लागू होत नाही. तेथे भरती-ओहोटीतील फरक काही ठिकाणी दहा मीटरच्या घरात जातो, तळाचा गाळ सतत ढवळला जातो आणि गढूळ पाण्यात प्रकाश खोलवर पोहोचत नसल्यामुळे पोषकद्रव्ये असूनही शैवालांची वाढ मर्यादित राहते. म्हणून तेथे मला क्षारतेचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. पाला अंडी घालण्यासाठी समुद्रातून गोड्या पाण्याकडे येतो. गोड्या पाण्यातील मोठी कोळंबी याउलट अंडी घेऊन खाडीकडे उतरते, कारण तिच्या पिल्लांना सुरुवातीला मचूळ पाणीच लागते. नदीचा प्रवाह क्षीण झाला की खारे पाणी आतपर्यंत शिरते आणि दोघांचेही गणित बिघडते. त्यामुळे वर्षभरात एकूण किती पाणी सोडले याइतकेच ते पावसाळ्यात, माशांच्या चढण्याच्या वेळी, सोडले का हे पाहायला हवे.

उत्तर ३:
पाण्यातून काय येते हेही तपासावे. मिसिसिपी नदी शेतांतील खतांचे नायट्रोजन व फॉस्फरस मेक्सिकोच्या आखातात आणते. त्यावर शैवाले बेसुमार वाढतात, मरून तळाशी कुजतात आणि तेथील प्राणवायू संपवतात; वरचा हलका गोड्या पाण्याचा थर खाली नवा प्राणवायू पोहोचू देत नाही. २०१७ मध्ये असा प्राणवायूहीन पट्टा सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर पसरला होता. नर्मदेसाठी पाणी मागताना तिच्यात मिसळणाऱ्या सांडपाण्याचा आणि खतांचाही हिशेब मागितला पाहिजे.